मे महिन्यात शनिवार-रविवारी मुलांना मुंबईत फुकटात काय दाखवावं?

मुलुंडची मामी

नमस्कार मंडळी,

नणंदेची दोन्ही मुलं सुट्टीला लातूरहून आमच्याकडे येणार आहेत, ९ मेपासून महिनाअखेरपर्यंत. भाचा बारा पूर्ण, भाची आठ वर्षांची. भाचीने अजून समुद्र पाहिलेला नाही. तिच्या चौकश्या फोनवर आत्ताच सुरू झाल्यात. कालचा प्रश्न, "मामी, ओहोटीला पाणी जातं कुठे?" मी म्हटलं, ये मग बघू.

आम्ही दोघंही नोकरीवाले. मला शनिवारी अर्धा दिवस असतो, यांना फक्त रविवार. बरोबर सासूबाई, म्हणजे मुलांची आजी. गुडघे दुखतात, फार पायऱ्या जमत नाहीत, पण "तुम्ही घरीच थांबा" म्हटलं की दोन दिवस अबोला.

वॉटरपार्क आणि मॉलमधली गेमिंगची दुकानं यंदा नकोत. पाच माणसांचं तिकीट आणि वर आतलंच खाण्याची सक्ती, पगाराचा मोठा लचका तुटतो. लोकल-बसचा खर्च चालेल, डबा घरचा. नेटवर "मुंबईतली पंचवीस मोफत ठिकाणं" छापाच्या याद्या वाचल्या. सगळीकडे गेटवे, मरिन ड्राइव्ह, चौपाटी. मे महिन्यातल्या रविवारी दुपारी दोन वाजता मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर त्या यादीवाल्याने स्वतः बसून दाखवावं.

तर खरोखर केलेलं, मुलांना आवडलेलं काही असेल तर सांगा. आणि कृपा करून स्वच्छतागृह कुठे आहे तेही लिहा. ते कोणीच लिहीत नाही.

एसीप्रेमी

मेमध्ये मुंबईत फिरायचं म्हणजे हौसेने घेतलेली शिक्षा. मॉलमध्ये जा, काही विकत घेऊ नका, एसी फुकट. स्वच्छतागृहही चकाचक.

कट्ट्यावरचा

ताई, एवढं प्लॅनिंग नको हो. शनिवारी पाचनंतर शिवाजी पार्कात न्या आणि मुलांना सोडून द्या. एका मैदानावर एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू असतात की कोणाचा फिल्डर कोणाच्या पिचवर उभा आहे हे फक्त त्यांनाच कळतं. भाच्याला तासाभरात कोणीतरी बॉलिंग टाकायला बोलावणार, लिहून घ्या. समर्थ व्यायाम मंदिरापाशी मल्लखांबाचा सराव चालू असला तर बाहेरून बघा. भाचीच्या वयाच्या मुली खांबावर उलट्या लटकलेल्या दिसतील. आजींना बसायला मैदानाला वेढा घालणारा कट्टा आहेच, आणि समुद्र तिथून चालत पाच मिनिटांवर. लातूरच्या मुलांना मुंबई बघायची असेल तर आधी कट्टा बघू दे.

भूगोलबाई

मुलुंडच्या मामी,

मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आता निवृत्त आहे, गिरगावात राहते. दर सुट्टीत कोणाची ना कोणाची मुलं माझ्या गळ्यात असतात, त्यामुळे हे लांबणार आहे.

मे महिन्यात मुंबईत ठिकाण शोधत बसायचं नाही, वेळ शोधायची. फुकट जागा या शहरात ढिगाने पडल्या आहेत, पण तीन वेळापत्रकं शेजारी ठेवून बघितल्याशिवाय मुलांना घेऊन निघू नका: उन्हाचं, भरती-ओहोटीचं आणि मेगाब्लॉकचं (रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात, त्याचं). सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी मुलं उघड्यावर नकोत. आपल्याकडे पारा नागपूरइतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. लातूरच्या मुलांना कोरडं ऊन सवयीचं आहे, हे नाही. "आम्हाला काही होत नाही" असं ती म्हणतील. ऐकू नका.

आता तुमच्या भाचीचा प्रश्न. पाणी जातं कुठे हे सांगून कळत नाही, पाणी गेलेलं असताना तिथे जाऊन उभं राहावं लागतं. कॅलेंडर काढा. शनिवार १६ मे २०२६, वैशाख अमावास्या. रविवार १७ तारखेला अधिक ज्येष्ठ लागतो, प्रतिपदा. आता पाऊणकीचा पाढा आठवा. आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती आणि सकाळी पावणेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जितकं जास्त चढतं तितकंच खाली उतरतं. मे महिन्यात, रविवारी, ऊन चढायच्या आत पूर्ण ओहोटी! हा योग सोडू नका. नेमकी मिनिटं भरतीच्या तक्त्यात बघून घ्या, हिशेब पाव-अर्धा तास इकडे-तिकडे होतो.

कुठे? जुहू. लोक संध्याकाळी तिथे जातात आणि गर्दी बघून परत येतात. सकाळी साडेसहाला जा. तुम्हाला मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने डी. एन. नगर, पुढे बस किंवा रिक्षा. ओहोटीला वाळूचा लांबलचक पट्टा उघडा पडतो आणि काही ठिकाणी खडकही वर येतात. वाळूवर बारीक मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधोमध एक भोक. बोटाच्या पेराहून लहान खेकडे वाळूतलं खाण्याजोगं तेवढं चाखतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. मुलांना तिथे उकिडवं बसवा आणि हलू नका म्हणावं. दोन मिनिटांत खेकडे बाहेर येतात, कोणी पाय हलवला की सगळे गुडूप. माझ्या एका नातवंडाने (सख्खं नाही, मजल्यावरचं) सबंध सकाळ एका भोकासमोर काढली होती.

खडकांमधल्या डबक्यांत समुद्रफुलं असतात, शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे असतात, खडकाला चिकटलेली कालवं असतात. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या, म्हणून अनवाणी नाही. चपला मागे पट्टा असलेल्या. शंख उचलायचे नाहीत. एक तर आत कोणीतरी राहत असतं, आणि दुसरं म्हणजे शंकूच्या आकाराच्या काही शंखांतली गोगलगाय विषारी काटा मारते. पाहायचं, मोबाईलवर फोटो काढायचा, बस. पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधी पोचा आणि पाणी वळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खडकांवरून उतरा. भरतीचं पाणी समोरूनच येतं असं नाही, ते मागच्या सखल भागातून येऊन तुमच्या आणि वाळूच्या मध्ये बसतं. त्यामुळे एका मोठ्या माणसाने नुसतं पाण्यावर लक्ष ठेवायचं. हे काम आजींना द्या, त्या वाळूवर सतरंजी टाकून बसू शकतात.

साडेआठला निघालात की दहापर्यंत घरी. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत मुलुंड गाठाल, आणि घाटकोपरपर्यंतच्या मेट्रोला तर त्या ब्लॉकशी देणंघेणं नाही.

आता त्याच दिवसाचा दुसरा खेळ, तोही घरी. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. दिल्लीला हे कधीच होत नाही. मुंबईचा शून्य सावलीचा दिवस १५-१६ मेच्या आसपास येतो आणि वेळ साधारण १२ वाजून ३५ मिनिटं. (बारा नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. भाच्याला याचं गणित करायला लावा, एका अंशाला चार मिनिटं.) तुम्ही मुलुंडला, म्हणजे थोडं उत्तरेला. शनिवारी किंवा रविवारी, कुठल्याही दिवशी बघा, फरक डोळ्यांना दिसणार नाही.

गच्चीवर जा. सपाट पाट, त्यावर उभी पेन्सिल, शेजारी पालथा घातलेला सरळ कडांचा पेला. बारा-दहाला कागदावर सावलीचं टोक खडूने टिपा आणि दर पाच-दहा मिनिटांनी टिपत राहा. सावली आखडत जाते, नाहीशी होते आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडते. सूर्याकडे बघायचं नाही, बघण्यासारखं सगळं जमिनीवर आहे. छत्री घेऊन जा आणि मधल्या मिनिटांत छपराखाली उभे राहा. गंमत अशी की लातूरलाही हा दिवस येतो, मुंबईच्या दोन-तीन दिवस आधी, १३ मेच्या सुमाराला आणि वेळ साधारण १२.२०. मुलांनी तिथल्या मित्राला फोन करून बघायला सांगावं. एकाच सूर्याची दोन गावांतली वेळ फोनवर जुळवताना बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात जे होतं ते मला वर्गात वर्षभर फळा झिजवून जमलं नसतं. ढग आले तर नाइलाज. दुसरा दिवस जुलैअखेरीस असतो, तेव्हा तर आभाळच दिसत नाही.

२३ तारखेच्या शनिवारसाठी माझा पत्ता: गावदेवी. अर्ध्या दिवसाने तुम्ही सुटाल तेव्हा ऊन असेल, म्हणून आधी मणिभवन. लॅबर्नम रोडवरचं जुनं घर, १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. संध्याकाळी सहाला बंद. वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांत मांडलेत. भाचीला तेच आवडणार, भाच्याला पत्रं. जिने आहेत, पण ग्रंथालय तळमजल्यावर आहे, आजींना तिथे बसता येईल. आसपासच्या रस्त्यांवर मान वर करून चाला. बहावा फुललेला असेल तर पिवळी झुंबरं लोंबत असतात. तामण, गुलमोहर, सोनमोहर, बहावा, चारही झाडं मे महिन्यात याच शहरात रस्त्यावर उभी असतात. पहिल्यांदा ओळखेल त्याला एक पॉइंट. तामण आपलं राज्यफूल आहे हे सांगितल्यावर भाचा म्हणेल, "मग पुस्तकात तर मी पाहिलंय." पाहू दे झाडावर.

ऊन उतरलं की टॅक्सीची मारामारी करू नका, बसने मलबार हिलवर जा. हँगिंग गार्डन आणि समोर कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट, दोन्ही फुकट. हँगिंग गार्डन ही पाण्याच्या टाकीच्या छतावरची बाग आहे, १८८०च्या दशकाच्या सुरुवातीची. तुम्ही हिरवळीवर डबा खाता तेव्हा खाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी असतं. हे ऐकल्यावर मुलं हमखास जमिनीला कान लावतात. बुटाजवळून मरिन ड्राइव्हची अख्खी कमान दिसते, तीही दिवे लागताना. तिथेच जवळ जंगलातून गेलेला नवा लाकडी पूलवजा मार्ग आहे, त्याला मात्र तिकीट आहे आणि आधी वेळ आरक्षित करावी लागते. हे सांगून ठेवते, कारण याद्यांमध्ये तोही "फुकट" म्हणून फिरतो.

पाय उरले असतील तर बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तळ्यात गोडं पाणी, जमिनीतल्या झऱ्याचं. इथे भूगोलाचा मोह मी आवरते.

एसीप्रेमी, तुमच्या मॉलला माझा विरोध नाही, पण मुलांना मॉल लातुरातही मिळतो.

खाडीकाठ

बाई, नमस्कार. तिथीची पाऊणपट वाचून आजोबा आठवले.

मामी, तुम्ही मुलुंडला राहून जुहूला चाललात, पण ठाणे खाडी तुमच्या दारात आहे हो! रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मे संपेपर्यंत असतात. पाऊस जवळ आला की निघतात. २०२२ पासून ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि मुलुंडकरांना तिचं नाव फक्त वासावरून माहीत. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला सकाळी सहा-साडेसहाला पोचा. खारफुटी, बाजूला पाणथळ, पक्षी भरपूर. रोहित नेहमी तिथेच दिसतील असा शब्द देत नाही, पण बगळे, शेकाट्या, खंड्या, वेडे राघू नक्की. रस्ता सुनसान असतो, एकट्याने नाही, चार-पाच जणांनी जा. पाणी बरोबर, कारण तिथे काहीही मिळत नाही. स्वच्छतागृह नाही, घरून आवरून निघा.

थवे बघायचे असतील तर शिवडीची जेट्टी, तिथेही बाईंचंच वेळापत्रक लागू. पूर्ण ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी दूर ठिपक्यांसारखे दिसतात. भरतीचं पाणी चढायला लागलं की ते काठाकडे सरकत येतात. म्हणजे ओहोटीनंतर दोन-तीन तासांनी पोचा. १७ तारखेला ती वेळ साडेनऊच्या आसपास येते, ऊन लागेल. त्यापेक्षा ओहोटी पहाटे लवकर असेल असा दिवस शोधा. भडक कपडे नको, आणि कृपया टाळ्या वाजवून थवे उडवू नका. "उडताना फोटो छान येतो" म्हणून दगड मारणारे काका मी पाहिलेत. भर उन्हाळ्यात, लांबचा प्रवास तोंडावर असताना पक्ष्याला ते उडणं फुकट पडत नाही.

आणखी एक. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर पक्षी मोजतात, ग्लोबल बिग डे म्हणतात. म्हणजे मुलं येतील तोच ९ मेचा दिवस. स्टेशनवरून घरी आल्यावर खिडकीत पंधरा मिनिटं बसा आणि दिसतील ते मोजून ईबर्डवर टाका. फुकट ॲप आहे. कावळे, कबुतरं, घारी, साळुंक्या, पोपट, तांबट. मुलुंडच्या खिडकीतून डझनभर जाती सहज होतात. मुलांचे पक्षी जगाच्या बेरजेत धरले जातात, याचा आनंद वेगळाच.

मुलुंडची मामी

बाई, खाडीकाठ, कट्ट्यावरचे दादा, किती ते आभार मानू. तिथीचा हिशेब सासूबाईंना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "हे तर मला येतं, तू कधी विचारलंस?" त्यांचं माहेर हर्णैजवळचं. आता त्या १७ तारखेच्या मोहिमेच्या प्रमुख आहेत.

दोन शंका. एक, जुहूला आणि गावदेवीला स्वच्छतागृहाचं काय? दोन, रविवारी भर दुपारी घराबाहेरच जायचं झालं तर छपराखालचं फुकट असं काही आहे का? शून्य सावली एकाच दिवसाची, बाकीच्या रविवारी ही मुलं मला खाऊन टाकतील.

भूगोलबाई

जुहूला चौपाटीवर सार्वजनिक स्वच्छतागृहं आहेत, सकाळी लवकर गेलात तर बरी असतात. सुटे पैसे आणि साबणाचा कागद जवळ ठेवा. गावदेवीसाठी माझी युक्ती म्हणजे मेट्रो. सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने ग्रँट रोडला या, स्थानकातच आवरून वर पडा. मुलांना भुयारी गाडीची गंमत, तुम्हाला थंड हवा. तिकीट लागतं, पण तुम्ही प्रवासखर्च धरलाच आहे. लोकलमध्ये भाचीचं अर्धं तिकीट, भाचा बारा पूर्ण म्हणजे पूर्ण. टीसी वय विचारतो तेव्हा मुलं खरं सांगतात, हे लक्षात ठेवा.

रविवारच्या दुपारसाठी जहांगीर कलादालन. काळा घोड्याला, १९५२ पासून तिथे आहे, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, प्रवेश फुकट. आत स्वच्छतागृह आहे आणि कोणी तुम्हाला हटकत नाही. मुलांना "चित्रं बघा" असं मोघम सांगू नका. प्रत्येकाने एकच चित्र निवडायचं आणि ते घरी न्यायचं असतं तर कुठल्या भिंतीवर लावलं असतं ते सांगायचं. बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि दुपारी कंटाळलेला असतो. मुलांनी "हे असं का काढलं?" विचारलं की खुलतो. मोठी माणसं विचारत नाहीत, लाजतात. शेजारचं मोठं वस्तुसंग्रहालय उत्तम आहे, पण तिकीट आहे, तुमच्या अटीत बसत नाही. पाचनंतर ओव्हल मैदान. एका हाताला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या हाताला मरिन ड्राइव्हकडच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये दोन्हींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मधल्या मैदानात क्रिकेट, म्हणजे भाचा खूश.

टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, शास्त्रज्ञांच्या "चाय अँड व्हाय" या गप्पा २००९ पासून चालू आहेत. जुहूचं पृथ्वी थिएटर किंवा माटुंग्याचं रुपारेल कॉलेज, रविवारी सकाळी, तिकीट नाही. भाषा बहुतेक इंग्रजी, पण प्रयोग करून दाखवतात, आणि प्रश्न कुठल्याही भाषेत विचारला तरी उत्तर मिळतं. तारीख-विषय त्यांच्या पानावर आधी बघा. आठ वर्षांची कंटाळेल, बाराचा नाही. एकाला इकडे आणि एकीला शिवाजी पार्कात असं विभागून न्या.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, पण म्हणून कान्हेरीला नेऊ नका. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं, आणि मेमधला तो चढ आजींना काय, मलाही नको. गुंफाच बघायच्या तर बोरिवलीची मंडपेश्वर बघा. रस्त्यालगत, तिकीट नाही, आत नटराज, बाहेरच्या भिंतीत पोर्तुगीजांनी कोरलेला क्रूस आणि डोक्यावर त्यांच्या जुन्या चर्चचे पडके अवशेष. एकाच खडकावर एवढा इतिहास दुसरीकडे पाहायला तिकीट पडेल.

एसीप्रेमी

भुयारी मेट्रो आणि जहांगीर. म्हणजे फिरून फिरून एसीच ना, बाई?

भूगोलबाई

हो. पण यात तुम्ही चार जिने चढता.

कट्ट्यावरचा

१७ला जुहूहून येताना भूक लागेल, वडापावचे पैसे धरा. फुकट-फुकट म्हणून मुलांना उपाशी फिरवू नका.

मुलुंडची मामी

धरले. वडापाव माझ्याकडून नाही, मामाकडून. पहाटे पाचला उठायचं ऐकून हे म्हणाले, "रविवारी? पाचला? ओहोटी दुपारी ठेवता येत नाही का?" सासूबाईंनी वर न बघता सांगितलं, "ठेवता येते. अष्टमीपर्यंत थांब."

भूगोलबाई

अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि ऐन बाराला ओहोटी. शिवाय भांगाची, पाणी फारसं उतरतच नाही. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि यजमानांना घरी राहायचं असेल तर राहू द्या, दहाला परत याल तोवर पोहे तयार ठेवतील.

गच्चीची किल्ली मात्र सेक्रेटरींकडून शनिवारीच मागून घ्या. रविवारी साडेबाराला बेल वाजवली तर मिळणार नाही.